तोफा थांबल्यानंतर : हैदराबाद संस्थानात लोकशाहीची उभारणी

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजाहून निघालेली एस. टी. तासाभरात जालन्याला पोहोचते. बियाणे आणायचे असो, दवाखाना असो वा मुलीसाठी स्थळ पाहायचे असो, माणसे या रस्त्याने सतत ये-जा करीत असतात आणि वाटेत आपण कोणती हद्द ओलांडली याची त्यांना जाणीवही होत नाही. पाऊणशे वर्षांपूर्वी मात्र ही हद्द जिल्ह्याची नव्हती, ती दोन राज्यांची होती. अलीकडे ब्रिटिशांचा मध्य प्रांत व वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. पलीकडे जाताना करोडगिरी नाक्यावर मालावरील जकात भरावी लागे. इकडचा कलदार रुपया तिकडे हाली शिक्क्यात बदलून घ्यावा लागे. सहा कलदारांना सात हाली असा साधारण भाव असे. पलीकडच्या कोर्टकचेरीत उर्दू येत नसलेल्या शेतकऱ्याला आपल्याच सातबाऱ्यासाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागे.

आणखी एक फरक होता. तो नाक्यावर दिसत नसे. १९३७ साली आणि पुन्हा १९४६ साली बुलढाणा जिल्ह्यातील काही लोकांनी प्रांतिक कायदेमंडळासाठी मत दिले व त्या मतांतून निवडलेले मंत्रिमंडळ नागपूरला कारभार पाहू लागले. हद्दीपलीकडच्या जालना, भोकरदन वा परतूर येथील माणसाला आपले सरकार निवडण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार १९५२ पर्यंत मिळाला नाही. एकच भाषा, एकच काळी माती, तेच सणवार, त्याच जातिपाती. पण एका बाजूला मतपेटी आणि दुसऱ्या बाजूला फर्मान.

युद्धाने दुभंगलेल्या देशात लोकशाही कशी उभी करावी, हा प्रश्न आपण बहुधा बोस्निया, इराक, पूर्व तिमोर अशा दूरच्या नावांबरोबर वाचतो. तोच प्रश्न १९४८ च्या सप्टेंबरात आपल्या अंगणापलीकडे उभा होता. त्याचे उत्तर कसे शोधले गेले, त्यातले काय साधले आणि काय तसेच राहून गेले, हे समजून घेणे महाराष्ट्रातील वाचकाला अनेक परदेशी ग्रंथांपेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल.

हद्दीच्या दोन बाजू

वऱ्हाडची स्थिती मोठी चमत्कारिक होती. हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेच्या खर्चापोटी निजामाने १८५३ च्या तहाने हा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. १९०२ साली तो वार्षिक २५ लाख रुपये खंडाने कायमच्या पट्ट्यावर ब्रिटिशांकडे गेला व पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. तरीही कागदोपत्री धनी निजामच राहिला. १९३६ च्या करारानंतर त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचा युवराज, ही पदवीही मिळाली. बुलढाण्याचा शेतकरी अशा रीतीने नावापुरता निजामाचा प्रजाजन आणि व्यवहारात ब्रिटिश हिंदुस्थानचा नागरिक होता.

अर्थात इकडच्या मतपेटीचेही फार कौतुक करण्याचे कारण नाही. १९३५ च्या कायद्याने मताचा अधिकार लोकसंख्येच्या साधारण सातव्या हिश्श्यालाच मिळाला होता. जमीन, करभरणा आणि शिक्षण पाहून मतदार ठरत. शिवाय मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे होते. शेजारी राहणारे दोघे एकाच दिवशी मत देत, पण एकमेकांच्या उमेदवाराला ते मत देऊ शकत नसत. तरीही निवडणूक कशी लढवायची, सभा कशी घ्यायची, हरल्यावर घरी कसे जायचे आणि पुन्हा कसे यायचे, याची थोडी सवय वऱ्हाडाला झाली होती. मराठवाड्याला ती सवय होऊ दिली गेली नव्हती.

हैदराबाद हे लहानसहान संस्थान नव्हते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल आणि १९४१ च्या गणनेप्रमाणे लोकसंख्या एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या घरात होती. त्यातील जवळजवळ निम्मे लोक तेलुगू, साधारण चौथा हिस्सा मराठी आणि दहावा हिस्सा कन्नड बोलणारे होते. राज्यकारभाराची आणि उस्मानिया विद्यापीठाच्या उच्च शिक्षणाची भाषा मात्र उर्दू. प्रजेपैकी बहुसंख्य हिंदू, तर राजा आणि वरिष्ठ अधिकारी प्रामुख्याने मुसलमान. एवढ्यावरून हा सारा धर्माचा झगडा होता असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, परंतु तो अपुरा आहे. जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा ‘सर्फ-ए-खास’ म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता होता आणि आणखी तीसेक टक्के जहागिरींत गेलेला होता. जहागीरदार आणि देशमुखांत हिंदू कमी नव्हते, आणि हातावर पोट असलेल्या गरिबांत मुसलमानही कमी नव्हते. धर्म, भाषा, जमीन आणि जात अशा चार भेगा एकमेकींना छेदून गेल्या होत्या.

या राज्यात जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणाऱ्या चळवळीची सुरुवात अगदी सौम्य होती. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला, म्हणजे लोणारहून फार दूर नसलेल्या गावी, भरले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याच्या बेतात असतानाच तिच्यावर बंदी आली. संघटना जन्मण्यापूर्वीच बेकायदा ठरल्याचे हे विरळ उदाहरण असावे. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच. १९३९ साली निजाम सरकारने सुधारणा जाहीर केल्या, पण त्यांत व्यवसायांच्या गटांनुसार प्रतिनिधी आणि हिंदू-मुसलमानांना सारख्याच जागा अशी योजना होती. सरकार बदलण्याचा अधिकार त्यात कोठेच नव्हता.

पाच दिवस आणि त्यानंतरचे आठवडे

१९४७ मध्ये इंग्रज गेले तेव्हा निजाम मीर उस्मान अली खान याने भारतात सामील होण्याचे नाकारले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला, पण संस्थानातील परिस्थिती जैसे थे राहिली नाही. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी खेडोपाडी लूट, जाळपोळ आणि खून यांचे सत्र सुरू केले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी हद्दीबाहेर भारतीय प्रदेशात कॅम्प उभारले. वऱ्हाडातील उमरखेड हे त्यांतील एक ठिकाण. बुलढाणा जिल्ह्यात उगम पावणारी पैनगंगा पुढे याच भागात निजामाच्या राज्याची सीमा बनून वाहत होती. कार्यकर्ते ती ओलांडून करोडगिरी नाक्यांवर व पोलीस चौक्यांवर छापे घालीत आणि जीव वाचवून आलेली कुटुंबे उलट दिशेने अलीकडे येत.

या काळातील एक नाव विसरले जाता कामा नये. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान याने भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहिले. २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री हैदराबाद शहरात त्याचा खून झाला. तो मुसलमान होता, हे ज्यांना सारा इतिहास दोन रंगांत रंगवायचा असतो त्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. लष्करी भाषेत ‘ऑपरेशन पोलो’, लोकांच्या तोंडी ‘पोलीस ॲक्शन’. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली आणि १८ रोजी त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. पाच दिवसांचे युद्ध संपले. मराठवाड्यात आजही १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो आणि ज्यांनी रझाकारांचा जाच भोगला त्यांच्या दृष्टीने तो मुक्तीचाच दिवस होता, यात शंका नाही.

पण त्या पाच दिवसांनंतरच्या आठवड्यांविषयी फार काळ बोलले गेले नाही. जुनी सत्ता कोसळली होती, नवी बसली नव्हती. या मधल्या पोकळीत अनेक भागांत सामान्य मुसलमान वस्त्यांवर सूड उगविला गेला. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता, तेही त्यात सापडले. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती पाठविली. नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीपासून तीन आठवडे ही समिती १६ पैकी नऊ जिल्ह्यांत फिरली. त्या कारवाईच्या काळात आणि नंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक. औरंगाबाद जिल्ह्यातही, ज्यात तेव्हा जालना येत असे, हत्या झाल्या, पण त्या मानाने कमी. समितीने आणखी एक गोष्ट नोंदविली: कित्येक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबांना वाचविले होते.

आकड्यांबद्दल मतभेद आहेत व राहतील. केंद्राच्या संस्थान खात्याला हा अहवाल रुचला नाही आणि तो प्रसिद्ध झाला नाही. त्यामागची भीती समजण्यासारखी होती. देशाच्या फाळणीला जेमतेम सव्वा वर्ष झाले होते, काश्मीरमध्ये युद्ध चालू होते, हैदराबादचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात गेला होता. परंतु समजण्यासारखी भीती आणि योग्य निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रझाकारांच्या अत्याचारांची नोंद झाली, खटले चालले, कासिम रझवीला शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला. दुसऱ्या बाजूच्या मृतांची मात्र सरकारदरबारी उघड नोंद झालीच नाही.

जुन्या राज्याच्या माणसांचे काय करायचे?

युद्ध जिंकणाऱ्यापुढे पहिला प्रश्न निवडणुकीचा नसतो, तो उद्या सकाळी कचेरीत कोण बसणार हा असतो. तलाठी, फौजदार, शाळामास्तर, खजिनदार हे सारे जुन्या राजवटीचे. त्यांना काढावे तर कारभार ठप्प होतो, ठेवावे तर पीडितांना वाटते की काहीच बदलले नाही.

२००३ च्या मे महिन्यात इराकमध्ये अमेरिकी प्रशासनाने सद्दाम हुसेनचे सारे सैन्य एका हुकमाने बरखास्त केले. लाखो प्रशिक्षित पुरुष बेकार झाले आणि पुढच्या रक्तपाताला त्यांतील अनेकांनी हात दिला. पूर्व तिमोर हा कॅथलिक बहुसंख्येचा छोटा देश २००२ मध्ये स्वतंत्र झाला. २००६ मध्ये सुमारे ६०० सैनिकांना सेवेतून काढल्यावर राजधानी दिली पेटली आणि हजारो कुटुंबांना छावण्यांत राहावे लागले. आपल्या घरातील चूल विझवली की माणूस कोणत्या झेंड्याखाली उभा राहील याचा नेम नसतो.

हैदराबादमध्येही निजामाचे सैन्य मोडले गेले, जहागिरी १५ ऑगस्ट १९४९ च्या कायद्याने रद्द झाल्या आणि या दोन्हींवर जगणारी हजारो कुटुंबे, त्यांत मोठा भाग शहरी मुसलमानांचा, उघड्यावर आली. तरीही तेथे इराकसारखा उठाव झाला नाही. याची कारणे एकाहून अधिक असावीत. संस्थान चारही बाजूंनी भारताने वेढलेले होते. भीतीही होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याबरोबरच दिल्लीने एक असा निर्णय घेतला होता, जो त्या वेळी अनेक स्वातंत्र्यसैनिकांना अजिबात पटला नाही: ज्या निजामाविरुद्ध ते लढले, तोच २६ जानेवारी १९५० रोजी हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. तुरुंगात वर्षे काढलेल्यांनी शपथविधीला त्याच राजापुढे उभे राहायचे! अपमान वाटावा अशीच गोष्ट होती. आज मागे वळून पाहता मात्र वाटते की सिंहासन रिकामे करण्याऐवजी त्यातला अधिकार काढून घेणे हा शहाणपणाचा मार्ग होता. जुन्या राजाने नवे संविधान स्वीकारल्याचे फर्मान काढले, तेव्हा त्याच्या निष्ठावंतांना त्या संविधानाविरुद्ध लढण्याचे कारणच उरले नाही.

कारभारासाठी मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांतातून अधिकारी आणले गेले. चौधरी यांच्या लष्करी प्रशासनानंतर १९५० मध्ये एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले व स्टेट काँग्रेसचे काही प्रतिनिधी मंत्रिमंडळात घेतले गेले. बाहेरून आलेले हे अधिकारी बहुधा कार्यक्षम होते, पण त्यांना स्थानिक उर्दू दप्तर वाचता येत नसे आणि स्थानिकांना त्यांची इंग्रजी. सत्ता बदलली तरी कचेरीची भाषा शेतकऱ्याला परकीच राहिली. या नाराजीचा स्फोट १९५२ च्या सप्टेंबरात झाला. नोकऱ्या मुलकींना, म्हणजे भूमिपुत्रांनाच, मिळाव्यात या मागणीसाठी विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि हैदराबाद शहरात पोलिसांच्या गोळीबारात तरुण बळी पडले. निवडून आलेले सरकार तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचे होते.

पहिले मत

त्या सरकारची निवडणूक ही या कथेतील सर्वांत उजळ बाजू आहे. १९५१ च्या गणनेनुसार हैदराबाद राज्यात साक्षरांचे प्रमाण शंभरात जेमतेम नऊ-दहा होते. तेलंगणात १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता; तो ऑक्टोबर १९५१ मध्ये मागे घेतला गेला. आणि त्यानंतर काही महिन्यांतच, १९५२ च्या प्रारंभी, प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत. वाचता येत नाही म्हणून अडू नये यासाठी प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवलेली होती व तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविलेले होते. काँग्रेसची बैलजोडी ओळखायला शाळेची गरज नव्हती. देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांनी मतदारयादीत स्वतःचे नाव सांगण्याऐवजी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले म्हणून त्यांची नावे गळली, हेही त्याच निवडणुकीतले.

विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३ मिळाल्या आणि ६ मार्च १९५२ रोजी बी. रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. पण माझ्या मते खरा महत्त्वाचा आकडा ४२ हा आहे. कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्याने त्याच्या लोकांनी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावाने निवडणूक लढविली आणि ४२ जागा जिंकल्या. नलगोंड्याहून लोकसभेवर निवडून आलेले रावी नारायण रेड्डी यांना खुद्द पंतप्रधान नेहरूंपेक्षाही अधिक मते पडली. काल रानात बंदूक घेऊन फिरणारी माणसे आज विरोधी बाकांवर बसून प्रश्न विचारू लागली. त्यांना निवडणुकीस उभे राहू दिले गेले, हा त्या काळच्या राज्यकर्त्यांचा मोठेपणा मानावा लागेल. दुसऱ्या बाजूला, निजामाच्या सेवेत वरिष्ठ पदांवर राहिलेले मेहदी नवाज जंग हेही नव्या मंत्रिमंडळात मंत्री होते आणि पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले राज्यपाल झाले. गृहमंत्रिपद मुक्तिलढ्यातील दिगंबरराव बिंदू यांच्याकडे होते. तुरुंगात गेलेला आणि तुरुंग चालविणाऱ्या राज्याचा अधिकारी एका टेबलाशी बसले.

या निवडणुकीतील सर्वांत दूरगामी निर्णय मात्र दिल्लीत संविधान सभेने आधीच घेऊन ठेवला होता. धर्मावर आधारलेले वेगळे मतदारसंघ रद्द झाले होते. ज्याच्या घरावर तीन वर्षांपूर्वी हल्ला झाला, त्याचे नाव आणि ज्याने हल्ला केला त्याचेही नाव एकाच यादीत आले. उमेदवाराला दोघांच्याही दारात जावे लागले.

याच्याशी बोस्नियाची तुलना करून पाहावी. १९९५ च्या डेटन कराराने तेथील युद्ध थांबले, पण राष्ट्राध्यक्षपदच तिघांत वाटले गेले: एक बोस्नियाक, एक सर्ब, एक क्रोएट. करार झाल्यावर नऊ-दहा महिन्यांतच निवडणुका झाल्या आणि युद्ध पेटविणारे जातीय पक्षच त्यांत विजयी झाले. ज्यू किंवा रोमा नागरिकाला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभेच राहता येत नाही, हा भेदभाव असल्याचे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले. तरी मूळ रचना अद्याप बदललेली नाही. प्रत्येक गटाला स्वतःची खुर्ची दिली की शांतता लवकर येते, हे खरे. पण मग कोणालाही दुसऱ्या गटाच्या माणसाचे मत मागायची गरज उरत नाही. निजामाच्या १९३९ च्या सुधारणांतही हेच सूत्र होते. १९५२ मध्ये ते सोडून दिले गेले, हे हैदराबादचे भाग्य.

अर्थात एका यादीत नाव आल्याने भीती जात नाही. हैदराबादेत मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन ही जुनी संघटना १९५८ मध्ये नव्या घटनेसह पुन्हा उभी राहिली आणि निवडणुकीच्या राजकारणात उतरली. तिच्या भूमिकांशी कोणी सहमत असो वा नसो, ती मतपेटीकडे वळली, हेही त्या पहिल्या निवडणुकीचेच फळ मानले पाहिजे.

भाषा, गाव आणि अहवाल

मराठवाड्यातील कार्यकर्त्यांना राज्य मिळाले तरी ते आपले वाटत नव्हते. तेलुगू, मराठी आणि कन्नड प्रतिनिधी एका विधानसभेत बसत, पण प्रत्येकाची दृष्टी शेजारच्या भाषाबंधूंकडे लागलेली. नेहरूंना हैदराबाद एकसंध राहावे असे वाटे. धर्म आणि भाषा एकत्र नांदविणारी ती एक प्रयोगशाळा आहे अशी त्यांची भावना होती. स्वामी रामानंद तीर्थ मात्र संस्थानाचे भाषावार विभाजन झाल्याशिवाय सामान्य माणसाला कारभार कळणार नाही या मताचे होते. येथे मला स्वामीजींचे म्हणणे अधिक पटते. ज्याला कचेरीतला कागद वाचता येत नाही, त्याला ती कचेरी आपली कशी वाटावी?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि त्याच दिवशी, मध्य प्रदेशातून निघून, बुलढाण्यासह विदर्भही त्याच राज्यात आला. देऊळगाव राजा आणि जालना यांमधली शंभर वर्षांची राज्यसीमा अशी एका तारखेला पुसली गेली. १९५७ मध्ये रस्त्याच्या दोन्ही टोकांच्या लोकांनी प्रथमच एकाच विधानसभेसाठी मत दिले. रामानंद तीर्थ त्या वर्षी औरंगाबादहून लोकसभेवर गेले. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र झाला.

गावातील सत्ता मात्र तारखांनी बदलत नाही. जहागीरदार गेले, पण त्यांची जागा बहुतेक ठिकाणी जमीनधारक वरच्या जातींनी घेतली. भूमिहीन दलिताच्या हाती मत आले, जमीन आली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू करून एका पिढीला शिक्षणाचे दार उघडून दिले. त्याच आंबेडकरांचे नाव मराठवाडा विद्यापीठाला देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने केला, तेव्हा खेडोपाडी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्या प्रदेशाने तीस वर्षांपूर्वी जुलमी सत्तेतून मुक्ती मिळविली होती, त्याच प्रदेशात आपल्याच गावातील दुर्बलांवर हात उगारला गेला. १९४८ मध्ये जळालेल्या वस्त्यांविषयी उघडपणे बोलले गेले असते, तर १९७८ मध्ये काही हात थांबले असते काय? याचे उत्तर देता येत नाही, पण प्रश्न मनातून जात नाही.

पूर्व तिमोरने सत्यशोधन आयोग नेमून इंडोनेशियाच्या अंमलाखालील बळींची नोंद केली आणि स्वतःच्या पक्षांनी एकमेकांच्या माणसांना कसे मारले हेही त्यात लिहिले. २००५ मध्ये तो अहवाल हाती आला तेव्हा त्या देशाचे नेतेही अस्वस्थ झाले. पण तो लोकांपर्यंत गेला. आपल्याकडे सुंदरलाल समितीचा अहवाल दशकानुदशके बंद राहिला. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो सर्वांना पाहण्यास खुला झाला २०१३ मध्ये, म्हणजे घटनेनंतर ६५ वर्षांनी.

दर १७ सप्टेंबरला जालना, परभणी, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव येथे ध्वजारोहण होते, हुतात्म्यांची नावे वाचली जातात आणि ती वाचली जावीत हे उचितच आहे. रझाकारांपासून पळून अलीकडे वऱ्हाडात आलेली आणि नंतरच्या आठवड्यांत घरदार सोडून हैदराबाद शहराकडे गेलेली, अशी दोन्ही प्रकारची माणसे ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, ते वृद्ध आता मोजकेच उरले आहेत. त्यांच्यापैकी कोणी आपल्या ओळखीत असेल, तर त्यांच्याजवळ बसून दोन्ही बाजूंचे ऐकून घ्यावे. अहवालही आता उघडा आहे. तो वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.